ठाणे-कल्याणच्या रानातील शिकारी रायफल : एक अवलोकन

आपल्या ज्ञातीतील जुन्या घरांत जाण्याचा ज्यांस योग आला असेल, त्यांनी ओटीवरील भिंतीवर एक प्रकारचे छायाचित्र हटकून पाहिले असेल. डोईस खाकी टोपी, पायांस पट्ट्या, हाती बंदूक आणि पायाशी पडलेले सांबर अथवा बिबटा. मागे चारसहा माणसे उघड्या अंगाने उभी असतात. घरातील वडीलधारी मंडळी बंदूकधाऱ्याचे नाव अभिमानाने सांगतात. मागच्या माणसांची नावे कोणासच ठाऊक नसतात. संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या घरांतील जुन्या वस्तू’ या विषयावर लिहावयास सांगितले, तेव्हा आमच्या दृष्टीसमोर प्रथम हेच छायाचित्र आले. त्यातील बंदूक कोणती, ती तशीच का निवडली गेली, आणि निवड चुकली तर तिचे मोल कोणास द्यावे लागले, एवढाच या लेखाचा विषय आहे. शिकारीचा गौरव करावा असा आमचा हेतू नाही. तो काळ संपला, आणि संपला हेच योग्य झाले. परंतु संपलेल्या काळाचाही हिशेब नीट लिहून ठेवणे हे पुढच्या पिढीचे कर्तव्य असते.

प्रथम त्या काळची भूमी ध्यानात घेतली पाहिजे. आज डोंबिवलीहून कल्याणास जाताना दुतर्फा इमारतींवाचून दुसरे काही दिसत नाही. परंतु १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली व पुढील वर्षी ती कल्याणास पोचली, तेव्हा मलंगगडाच्या पायथ्यापासून माहुलीच्या सुळक्यांपर्यंत आणि मुरबाडच्या पलीकडे नाणेघाट-माळशेजपर्यंत रान बहुतेक सलग होते. ठाण्याच्या पश्चिमेस येऊरचा डोंगर व त्यापलीकडे कान्हेरी. उत्तरेस तुंगारेश्वर, तानसा आणि जव्हार संस्थानचा मुलूख. १९२९ च्या जानेवारीत विहार तलावाजवळ वाघ मारला गेल्याची नोंद आहे. म्हणजे मुंबईत विजेच्या गाड्या धावू लागल्या, त्याच दशकात साष्टी बेटावर पट्टेवाला वाघ वावरत होता. बिबटा, सांबर, भेकर, चौशिंगा व रानडुक्कर यांची तर वाण नव्हती.

या रानाचा एक गुणधर्म शस्त्रांच्या निवडीशी निगडित आहे. हिमालयाच्या तराईत राजेरजवाडे हत्तीवर बसून शिकार करीत. हत्तीच्या हौद्यात रायफल सात पौंडांची असो की सोळा पौंडांची असो, वाहणारा हत्तीच असल्यामुळे फरक पडत नसे. आमच्या सह्याद्रीत तसे नव्हते. शनिवारची कचेरी सुटल्यावर कल्याणास गाडी धरावी, आसनगाव, खर्डी किंवा कसाऱ्यास उतरावे, अंधारात कोस दोन कोस पायवाट तुडवावी, पहाटे कारवीतून डोंगर चढावा आणि सोमवारी सकाळी पुन्हा टेबलाशी हजर व्हावे, असा आमच्या कारकून, वकील व मास्तर मंडळींचा क्रम असे. यात शस्त्राचा प्रत्येक पौंड स्वतःच्या खांद्यावर येई. म्हणून हलक्या रायफलीचा प्रश्न आमच्याकडे चैनीचा नव्हता, निकडीचा होता.

आता शस्त्रांकडे वळू. आरंभीची तोड्याची बंदूक व पुढची ठासणीची बंदूक या दोहोंत काळी दारू वापरीत. या दारूचा एक मोठा दोष असा की, ती कितीही भरली तरी गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे, म्हणजे सेकंदास सुमारे दीड हजार फुटांपलीकडे, फारसा जात नाही. वेग वाढत नाही म्हटल्यावर बळ वाढविण्यास मार्ग एकच उरतो. गोळी जड करणे. त्या काळी बंदुकीची जात ‘बोअर’च्या आकड्याने सांगत. एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या होतील तो तिचा बोअर. बारा बोअरची गोळी पौंडाचा बारावा हिस्सा, तर आठ बोअरची पौंडाचा आठवा हिस्सा, म्हणजे दोन औंस. आकडा जितका लहान तितकी बंदूक दांडगी, हे कोडे पुष्कळांस उलगडत नाही, म्हणून येथे खुलासा केला. आठ बोअरची रायफल सुमारे पंधरा पौंड भरे. शिवाय बार झाल्यावर धुराचा असा लोट उठे की जनावर पडले, पळाले की अंगावर येत आहे, हे कळण्यास क्षण-दोन क्षण जात. आणि तेच क्षण मोलाचे असत.

ही अडचण एका फ्रेंच रसायनज्ञाने दूर केली. पॉल व्हिएय याने १८८४ साली बिनधुराची दारू सिद्ध केली. इंग्रजांनी लवकरच कॉर्डाइट काढले. या दारूने गोळीचा वेग दोन हजार फुटांच्या वर नेला, आणि लहान गोळीतही मोठे बळ आले. लंडनच्या रिग्बी कारखान्याने १८९८ साली .४५० बोअरचे नवे काडतूस काढले. येथे बोअर इंचाच्या हिश्शात मोजतात, हे ध्यानी ठेवावे. त्यातील गोळी ४८० ग्रेन वजनाची व वेग सेकंदास सुमारे २१५० फूट. ही दुनळी रायफल अकरा पौंडांच्या आसपास होती. पंधरांवरून अकरांवर, ही पहिली उतरण.

परंतु हिंदुस्थानात कोणते शस्त्र घ्यावे हे केवळ शिकारी ठरवीत नसे. सरकारही ठरवीत असे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा झाला. युरोपियनास मोकळीक आणि एतद्देशीयास परवाना, असा उघड भेद त्यात होता आणि काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध आवाज उठला होता. पुढे १९०७ मध्ये सरकारने .४५० बोअरच्या आयातीस बंदी केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली याच बोअरच्या होत्या. त्यांस उपयोगी पडतील अशा गोळ्या बंडखोरांच्या व सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती जाऊ नयेत, हा हेतू. विलायतेतील कारागीर मोठे हिकमती. त्यांनी लगोलग .४६५, .४७० अशी बोअरे काढली. बंदी झाली ती आकड्यास. बळ तेच राहिले! लष्करी .३०३ बोअरही खाजगी माणसास वर्ज्य. त्यामुळे नेटक्या, हलक्या रायफलींत .२७५, .३१५, .३१८ आणि १९१२ साली निघालेले .३७५ ही बोअरे इकडे रूढ झाली. आपल्या आजोबांच्या परवान्यावर हे विचित्र आकडे दिसतात, त्यांचे मूळ या राजकारणात आहे.

मात्र खरे सांगावयाचे तर आपल्या घरांपैकी फार थोड्यांत रायफल होती. बहुतेकांकडे असे ती बारा बोअरची दुनळी बंदूक. तिचे वजन सुमारे सात पौंड. छऱ्याच्या काडतुसाने ससा-तित्तर आणि एकेरी गोळीने डुक्कर-सांबर. रायफलीच्या नळीस आतून पीळ असतो, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. बंदुकीस तो नसतो. म्हणून बंदुकीच्या गोळीचा भरवसा तीसचाळीस कदमांपलीकडे धरीत नसत. कर्नल फॉस्बेरी यांनी १८८५ साली यावर एक तोड काढली. नळीच्या तोंडाशी अखेरच्या काही इंचांतच पीळ पाडावयाचा. या ‘पॅराडॉक्स’ बंदुकीतून छरेही उडत आणि जड गोळीही शंभर यार्ड नेमकी जाई. वजन मात्र साध्या बंदुकीच्या जवळपासच. दाट रानात पायी हिंडणाऱ्यास याहून सोयीचे शस्त्र त्या काळी क्वचितच असेल. पण किंमत साहेबाच्या खिशाची.

आता मूळ प्रश्न. मोठ्या जनावरासाठी हलकी रायफल व लहान काडतूस घ्यावे काय? हलक्या पक्षाचे लोक दोन नावे पुढे करीत. एक जिम कॉर्बेट. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांस .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली, आणि १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी तिनेच मारला. दुसरे बेल या नावाचे स्कॉटिश शिकारी. त्यांनी आफ्रिकेत याच बोअरने शेकडो हत्ती पाडले. ही उदाहरणे खरी आहेत, पण अर्धी सांगितली जातात. बेल यांनी हत्तीच्या मेंदूची जागा जाणण्यासाठी हत्तींची शिरे कापून अभ्यासली होती. कॉर्बेट यांचे जन्म रानात गेले, आणि वाघाच्या मागे जाताना ते बहुधा .४५०/४०० ची दुनळी भारी रायफल जवळ करीत. त्यांच्या हाती जे शोभले ते रविवारच्या शिकाऱ्याच्या हाती शोभेलच असे नाही.

थोडे गणित मांडतो. वाचकांनी कंटाळू नये. .२७५ ची गोळी १४० ग्रेनांची व वेग सुमारे २७५० फूट. तिचे बळ साधारण २३५० फूट-पौंड. .४५० चे बळ ४९०० फूट-पौंडांहून अधिक, म्हणजे दुपटीहून जास्त. मग भारी काडतूसच हलक्या रायफलीत का घालू नये? कारण धक्का. गोळी पुढे जाते तशी रायफल मागे येते, आणि त्याच काडतुसासाठी रायफलीचे वजन निम्मे केले तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. ज्यास धक्क्याची धास्ती बसली तो चाप ओढताना डोळे मिटतो, आणि नेम चुकतो. म्हणून जाणते लोक निवडीचा क्रम असा सांगत. प्रथम जनावर पाहावे. मग त्यास पुरे पडेल असे काडतूस ठरवावे. मग तो धक्का आपला खांदा सोसेल एवढे रायफलीचे वजन ठरवावे. आणि अखेरीस, त्या मर्यादेत, नळी आखूड करून वा दस्ता बारीक करून जे काही वजन वाचेल ते वाचवावे. हलकेपणापासून आरंभ करणे म्हणजे उलटा क्रम.

गोळीची जातही तितकीच महत्त्वाची. मऊ तोंडाची गोळी अंगात शिरताच पसरते. सांबर-बिबट्यास ती योग्य. गव्यासारख्या जाड कातडीच्या, दांडग्या हाडांच्या जनावरास संपूर्ण धातूच्या कवचाची गोळी लागते, नाही तर ती वरच्यावर फुटते. रानडुकराच्या थोराड नराच्या खांद्यावर चिवट कातडीची ढाल असते. तीही हलक्या गोळीस दाद देत नाही. स्वातंत्र्यानंतर इछापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल आपल्या लोकांच्या आटोक्यात आली, आणि खडकीची काडतुसेही मिळू लागली. सुमारे सात-साडेसात पौंड वजन, २४४ ग्रेनांची जड गोळी आणि दोन हजार फुटांच्या आसपास वेग. दिसावयास ओबडधोबड, पण आमच्या रानातील डुक्कर, सांबर व बिबटा यांस पुरेशी. हलकेपणा आणि बळ यांचा तो मध्यममार्ग होता असे म्हणावयास हरकत नाही.

हे सारे आम्ही पुस्तकांतूनच शिकलो असतो तर बरे झाले असते. परंतु १९६४ च्या आश्विनात आमच्या घरी जे घडले त्याने ते मनावर कायमचे कोरले. आमचे धाकटे काका हौशी. त्यांनी कोणा परदेशी जाणाऱ्या गृहस्थाकडून .२२ हॉर्नेट ही चिमुकली रायफल रीतसर विकत घेतली. जेमतेम सहा पौंड वजन. ‘पोराच्याही हाती पेलेल’ असे ते कौतुकाने म्हणत. तिची गोळी ४५ ग्रेनांची, हरणा-सशाच्या कामाची. मुरबाडकडील आमच्या शेतात भात पिवळे पडले होते आणि डुकरे रोज नासधूस करीत होती. आजोबांनी बारा बोअरची बंदूक न्यावयास सांगितले. काकांनी नवी रायफल नेली. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे. बांधावर बसून पाहत होतो. तिन्हीसांजेस ऐंशीएक कदमांवर मोठा नर निघाला. बार झाला, डुक्कर गुडघ्यावर आले, उठले आणि कारवीत शिरले.

जखमी जनावर तसेच सोडणे हे शिकाऱ्याच्या धर्मात बसत नाही. सकाळी माग काढावयाचे ठरले. पुढे चालला आमच्या शेतावरील ठाकूर गडी, कारण माग त्यासच दिसत होता. त्याच्या हाती कोयता. रायफल त्याच्यामागे दहा पावलांवर. डुक्कर जाळीतून सरळ त्याच्यावर आले आणि सुळ्याने मांडी उभी फाडली. काकांनी तेथेच दुसरी व तिसरी गोळी घातली, तेव्हा ते पडले. पहिली गोळी खांद्याच्या ढालीतच फुटून राहिली होती. आत गेलीच नव्हती. गड्यास डोलीतून, मग बैलगाडीतून कल्याणास आणले. तो वाचला, पण तो पाय पुढे आयुष्यभर ओढतच राहिला.

त्या रात्री आजोबा काकांवर ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “अरे, रायफल तू हलकी घेतलीस, भार त्या बिचाऱ्यावर टाकलास.” दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गड्याच्या नावे दीड एकराचा तुकडा कसावयास दिला, व पुढे कूळकायद्याने तो त्याच्या मुलांचा झाला. काकांनी ती रायफल वर्षाच्या आत परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. त्यानंतर त्यांनी शस्त्र हाती धरले नाही.

रायफलीच्या वजनाविषयी विलायती पुस्तकांत पानेच्या पाने आहेत. परंतु हाकाऱ्याला काय वाटते, याचा विचार त्यांत क्वचितच आढळतो. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या पायांवर आणि नजरेवर आमची शिकार उभी होती. काडतूस पुरेसे होते की नाही, याची कसोटी शेवटी त्यांच्याच अंगावर लागे. आम्हांस वाटते, शस्त्रनिवडीचा हा खरा नियम आहे: चुकीचे मोल ज्यास द्यावे लागणार, त्याच्या बाजूने विचार करून निवड करावी. हा नियम शिकारीपुरताच नाही, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबई राज्याने १९५१ साली वन्यप्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला; १९५९ साली नवा शस्त्रकायदा आला; आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग जवळजवळ मिटविले. १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले दारही लागले. आता ज्यांच्या घरी अशी शस्त्रे आहेत त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. आणि परवानाधारक निवर्तल्यावर शस्त्र माळ्यावर ठेवून देणे हा गुन्हा होतो. वारसाने ते पोलीस ठाण्यात वा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून रीतसर अर्ज करावा. भिंतीवरील शिंगे व कातडी यांसही मालकीचे प्रमाणपत्र लागते. ‘आजोबांची आठवण’ हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही.

शिकार गेली, पण बिबट्या गेला नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत तो ठाणे शहरातील एका मोठ्या व्यापारी संकुलाच्या आवारात दिसला. २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेस राहत्या इमारतीत शिरला आणि त्यात काही माणसे जखमी झाली. दोन्ही वेळी वनखात्याच्या लोकांनी त्यास गुंगीचे औषध देऊन जिवंत धरले. त्यांच्या हातीही एक बंदूकच होती. पण तिच्यातून सुटते ती औषधाची सुई. गंमत अशी की, तिच्या बाबतीत प्रश्न जुनेच आहेत. जोर कमी पडला तर सुई रुतत नाही. अधिक झाला तर हाड मोडते. औषध जनावराच्या वजनाच्या अदमासाने भरावे लागते, आणि अंतर थोडके ठेवावे लागते. म्हणजे जनावर ओळखणे, मग मात्रा ठरविणे आणि मग नेम धरणे हा जुन्या जाणत्यांचा क्रम आजही सुटलेला नाही. फरक एवढाच की, आता नेम जीव वाचविण्यासाठी धरला जातो.

सरतेशेवटी ज्ञातिबंधुभगिनींस एक विनंती. आपल्या घरातील जुनी छायाचित्रे, परवाने व टिपणवह्या रद्दीत टाकू नका. छायाचित्राच्या मागे साल, गाव व शस्त्राचा बोअर लिहून ठेवा. आणि कोणी वृद्ध हयात असतील तर त्यांस विचारून मागे उभ्या असलेल्या माणसांची नावेही लिहा. आमच्या घरच्या छायाचित्रात उजवीकडून दुसरा उभा आहे तो तोच ठाकूर गडी. त्याचे नाव आम्ही गेल्या वर्षी त्याच्या नातवास विचारून छायाचित्रामागे लिहिले. साठ वर्षे उशीर झाला, पण लिहिले.